तह मंदसोरला, फाशी थाळनेरला

२७ फेब्रुवारी १८१८. तापीच्या उत्तर काठावरील थाळनेर किल्ल्याचा किल्लेदार तुळशीराम मामा याला त्या संध्याकाळी किल्ल्यावरच फासावर चढवण्यात आले. तो लढताना पकडला गेला नव्हता. निर्णायक हल्ल्यापूर्वीच तो दरवाजाबाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता. त्याच्यावर ठपका होता तो बंडाचा. ज्या सरकारविरुद्ध हे बंड म्हणायचे, त्या सरकारचा खानदेशावरील अंमल अवघ्या बावन्न दिवसांचा होता, आणि तोही कागदावर.

थाळनेर आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. फारुकी सुलतानांच्या कबरींमुळे हे गाव इतिहासप्रेमींना ठाऊक असते. १८१८ ची घटना मात्र तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वर्णनात एखाद्या ओळीत आटोपली जाते. त्या ओळीमागे एक मोठा प्रश्न आहे. दुभंगलेल्या दरबारातील एक गट तह करतो. त्या तहाने ज्यांचे सर्वस्व जाते त्यांना कोणी विचारलेलेच नसते. मग युद्ध संपते का? की त्याचे फक्त नाव बदलते?

हा थ्रेड त्या बावन्न दिवसांचा आणि त्यांच्या आगेमागे खानदेशात घडलेल्या गोष्टींचा.

सुरुवात थोडी मागून करावी लागते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. ही मराठ्यांची आपापसांतील लढाई होती, म्हणजे शब्दशः यादवी. दुसरे बाजीराव पुण्यातून निघाले ते अखेर इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईचा तह केला. नाव संरक्षणाच्या कराराचे. परिणाम असा, की मराठा संघाच्या प्रमुखाने संघातील कोणालाही न विचारता स्वतःचे परराष्ट्र धोरण कंपनीच्या हाती दिले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी तो तह मानला नाही आणि युद्ध झाले. होळकर त्या वेळी अलिप्त राहिले. मग भोसल्यांचा देवगावचा तह (१७ डिसेंबर १८०३), शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा (३० डिसेंबर १८०३) आणि होळकरांचा राजघाटचा (२४ डिसेंबर १८०५) झाला. चारही तह डिसेंबरातले हा योगायोग. चारही स्वतंत्रपणे झाले, हा मात्र योगायोग नव्हे. प्रत्येक सरदाराने आपापल्या पराभवाची किंमत एकट्याने ठरवली.

या वर्षांत खानदेशाचे काय झाले? हा सुपीक मुलूख पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्यात वाटलेला होता. एका गावावर एकाचा अंमल, शेजारच्या गावावर दुसऱ्याचा. १८०२ मध्ये होळकरी फौजा येथून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला, त्यानंतर पेंढाऱ्यांच्या धाडी. गावे ओस पडली. किल्ले आणि गढ्या हळूहळू भाडोत्री अरब शिबंदीच्या ताब्यात गेल्या. हे अरब केवळ शिपाई नव्हते. त्यांतले कित्येक सावकारीही करीत, जमीनदारांना कर्ज देत आणि त्याच्या वसुलीत गावावर हक्क सांगत. अनेकांची बायकामुले येथलीच होती.

आता होळकरांच्या दरबाराकडे वळू. यशवंतराव १८११ मध्ये वारले. गादीवर मल्हारराव होळकर हा लहान मुलगा आणि कारभार तुळसाबाईंच्या हाती. पगार थकलेली फौज धरणे धरून बसे, सरदार कारभाऱ्यांना कैद करीत आणि कारभारी सरदारांवर पाळत ठेवीत. १८१७ च्या उत्तरार्धात पेशव्यांचे इंग्रजांशी पुन्हा युद्ध पेटले. तेव्हा दरबारात दोन मते झाली: एका बाजूला पेशव्यांना साथ देऊ इच्छिणारे पठाण सेनानी, दुसऱ्या बाजूला इंग्रजांशी बोलणी करावीत असे म्हणणारे. तुळसाबाई दुसऱ्या बाजूला झुकल्याचा संशय सेनानींना आला. २० डिसेंबर १८१७ रोजी त्यांना क्षिप्रेच्या काठी नेऊन ठार मारण्यात आले. दुसऱ्याच दिवशी महिदपूरला लढाई झाली आणि होळकरांची फौज मोडली.

(या साऱ्याची तपशीलवार हकिकत आपल्याला प्रामुख्याने सर जॉन माल्कमसारख्या इंग्रजांच्या लेखणीतून मिळते, आणि माल्कम हा तटस्थ निरीक्षक नव्हता. तो त्या लढाईत होता आणि पुढचा तहही त्यानेच केला. त्यामुळे तुळसाबाईंच्या चारित्र्याविषयी त्या पानांत जे आहे, ते जपूनच वाचावे.)

महिदपूरनंतर सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने बोलणी केली तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे यांनी. राजा अवघा अकरा-बारा वर्षांचा. तात्या जोग कुशल होते. सर्वनाशाच्या काठावर असलेले इंदूरचे संस्थान त्यांनी वाचवले. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण काय वाचले आणि कशाच्या मोबदल्यात, हे कलमांतून दिसते.

राजपूत संस्थानांवरील सर्व हक्क सोडायचे. कंपनीची फौज राज्यात राहील. जास्तीची फौज कमी करायची, मात्र कंपनीच्या मदतीसाठी तीन हजार घोडेस्वार तयार ठेवायचे. आणि सातपुड्यातील व त्याच्या दक्षिणेकडील सगळा मुलूख, खानदेशासह, कायमचा कंपनीला द्यायचा. सेंधव्याच्या किल्ल्याचा उल्लेख नावानिशी आहे. किल्ल्याभोवतीची दोन हजार यार्डांची मोकळी पट्टीही मोजून दिली आहे. आणखी एका कलमाने गफूरखान या सेनानीला जावरा आणि आसपासच्या परगण्यांची जहागीर हमीसह मिळाली. हा गफूरखान दरबारातील पठाण गटाचा म्होरक्या. बोलणी करण्याच्या संशयावरून ज्या गटाच्या हातून तुळसाबाईंचा खून झाला, त्याच गटाच्या नेत्याला तिसऱ्या आठवड्यात त्याच बोलण्यांतून संस्थान मिळाले. जावऱ्याची नवाबी पुढे १९४७ पर्यंत टिकली.

तहाने दरबारातील भांडण अशा रीतीने मिटवले. माळव्यातील प्रत्येक वजनदार माणसाला काहीतरी मिळाले: बालराजाला गादी, तात्या जोगांना कारभार, गफूरखानाला जावरा. त्याचा आधीच फुटलेला मेहुणा अमीरखान याला नोव्हेंबर १८१७ च्या स्वतंत्र करारानेच टोंक मिळाले होते. बिल दिले खानदेशाने. येथल्या किल्लेदारांना, शिबंदीला, घाट राखणाऱ्या भिल्ल नाईकांना कोणी मंदसोरला बोलावले नव्हते.

आयर्लंडच्या इतिहासात या प्रश्नाचे अधिक स्वच्छ उदाहरण सापडते. ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये इंग्लंड आणि आयरिश प्रतिनिधी यांच्यात तह झाला. आयरिश प्रतिनिधिगृहाने ७ जानेवारी १९२२ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी तो मान्य केला. अर्धवट स्वातंत्र्य घ्यावे की लढा चालू ठेवावा, यावर कालचे सहकारी एकमेकांसमोर उभे राहिले. जूनअखेरीस डब्लिनमध्ये तोफा डागल्या गेल्या आणि मे १९२३ पर्यंत यादवी चालली. तहावर सही करणारे मायकेल कॉलिन्स ऑगस्ट १९२२ मध्ये आपल्याच देशबांधवांच्या गोळीला बळी पडले. खानदेशातील घटनांना त्या अर्थाने यादवी म्हणता येणार नाही. येथे दोन संघटित पक्ष आमनेसामने नव्हते. पण एक धागा समान आहे. तहापूर्वी ज्यांचा शत्रू एक होता, ते तहानंतर एकमेकांच्या दृष्टीने बेकायदेशीर ठरले. आयर्लंडात निदान मतमोजणी झाली होती. मंदसोरला एक मूल, एक कारभारी आणि नुकत्याच हरलेल्या फौजेचे सेनानी होते.

तह झाल्यावर हिस्लॉपची फौज दक्षिणेकडे निघाली. आज मुंबई-आग्रा महामार्ग ज्या सेंधवा घाटातून शिरपूरकडे उतरतो, तोच मार्ग. वाटेत सेंधव्याच्या किल्लेदाराने न लढता किल्ला दिला. २७ फेब्रुवारीला फौज थाळनेरसमोर आली आणि किल्ल्यातून गोळीबार झाला. हिस्लॉपने किल्लेदाराला कळवले, की हा किल्ला तहाने कंपनीचा झाला आहे. प्रतिकार केल्यास तुम्हाला बंडखोर समजले जाईल. उत्तर आले नाही. तोफा लागल्या.

दुपारनंतर बाहेरचे दरवाजे फुटले. या टप्प्यावर तुळशीराम मामा दिंडीतून बाहेर आला आणि स्वाधीन झाला. थाळनेरला एकामागे एक असे अनेक दरवाजे होते. इंग्रज तुकडी एकेक ओलांडत शेवटच्या दरवाजाशी पोहोचली. आत सुमारे ३०० ची शिबंदी, बहुतेक अरब. शरणागतीच्या अटींवर काही बोलणे झाले. पण बोलणाऱ्यांना एकमेकांची भाषा नीट कळत नव्हती, असे इंग्रज इतिहासकारांनीही मान्य केले आहे. अखेर दिंडी उघडली. कर्नल मरे, मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि मोजके शिपाई आत शिरले, आणि आतील अरबांनी त्यांच्यावर हल्ला केला. गॉर्डन आणि मॅकग्रेगर ठार झाले, मरे जखमी झाला. बाहेरची फौज आत घुसली आणि जवळजवळ सगळी शिबंदी कापून काढली. त्यानंतर किल्लेदाराला फाशी.

हिस्लॉपचे समर्थन दोन प्रकारचे होते: एक, किल्लेदाराला पूर्वसूचना दिली होती, दोन, शिबंदीने विश्वासघात केला. दुसरा मुद्दा खरा मानला, तरी किल्लेदार त्या वेळी इंग्रजांच्याच ताब्यात होता. मग उरतो पहिला, आणि तो पूर्णपणे मंदसोरच्या कागदावर उभा आहे. ६ जानेवारीपूर्वी तुळशीराम मामाने हेच केले असते, तर तो शत्रूचा किल्लेदार ठरला असता आणि पाडाव झाल्यावर युद्धकैदी. तहाने त्याच्या कृत्याचा अर्थ त्याच्या नकळत बदलून टाकला.

त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे. धनी बारा वर्षांचा. त्याच्या नावाने कारभार करणाऱ्या बाईचा दोन महिन्यांपूर्वी खून झालेला. नवा कारभारी परफौजेच्या छावणीत सही करून आलेला. पेशवे अजून रणांगणात. २० फेब्रुवारीला अष्टीला बापू गोखले पडले होते, पण बाजीराव निसटले होते. अशा वेळी एक इंग्रज सेनापती सांगतो, की तुझ्या धन्याने हा किल्ला आम्हाला दिला. हे खरे मानून किल्ला दिला आणि उद्या वारे फिरले, तर फितूर म्हणून मान जाणार ती आपलीच. तुळशीराम मामाच्या मनात नेमके हेच होते, असे म्हणण्याचा हेतू नाही. हा संशय त्या काळात अवास्तव नव्हता, एवढे मात्र निश्चित सांगता येते. त्याचा पुरावा थाळनेरच्या पूर्वेला, रावेरपलीकडे बऱ्हाणपूरजवळ आहे.

असीरगड शिंद्यांचा. ५ नोव्हेंबर १८१७ च्या तहाने दौलतराव शिंद्यांनी युद्ध संपेपर्यंत तो इंग्रजांच्या ताब्यात देण्याचे मान्य केले होते. किल्लेदार यशवंतराव लाड मात्र किल्ला देईनात. कारणे निघत राहिली, महिने गेले. १८१९ च्या मार्चमध्ये वेढा पडला आणि ९ एप्रिलला किल्ला पडला. आत कागदपत्रे सापडली. त्यांत खुद्द शिंद्यांचे पत्र होते: पेशव्यांची आज्ञा येईल तसे वागावे. उघड तह एक, आतला हुकूम दुसरा. लाडांनी धन्याचे ऐकले नाही असे सगळे म्हणत होते, तेव्हा ते धन्याचेच ऐकत होते. त्यांना फाशी झाली नाही. शिंद्यांना मात्र असीरगड कायमचा गमवावा लागला.

दोन किल्लेदार, दोन तह, कृती जवळपास सारखीच. एकाच्या पेटीत पत्र निघाले. दुसऱ्याची पेटी कोणी उघडून पाहिल्याची नोंद आढळत नाही.

लंडनलाही थाळनेर पचले नाही. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या युद्धातील सेनानींच्या आभाराचा ठराव आला. तो मांडला बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष जॉर्ज कॅनिंग यांनी. हिस्लॉपचे आभार मानले गेले, पण थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीला या ठरावाने संमती दिली असे समजू नये, अशी पुस्ती सभागृहाने जोडली. विजयी सेनापतीच्या अभिनंदनाला अशी शेपटी क्वचितच लागते. हिस्लॉपवर पुढे काही कारवाई झाली नाही.

थाळनेरची दहशत बसली आणि नंतरचे काही किल्ले लढाईविना पडले, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. ते अंशतः खरे आहे. पण मालेगावला उलट घडले. राजेबहाद्दरांच्या त्या भुईकोटातील अरबांनी मे आणि जून १८१८ मध्ये इंग्रजांना जवळजवळ महिनाभर झुंजवले. तोफगोळ्याने दारूखाना उडाला तेव्हाच त्यांनी हत्यार ठेवले. थाळनेरला शरण आलेल्या किल्लेदाराचे काय झाले हे ऐकलेली माणसे सहज शरण कशी येतील? त्यांनी जिवाची हमी लेखी मागितली. मराठीत लिहून दिलेल्या अटी इंग्रजांच्या मूळ हेतूपेक्षा सैल निघाल्या, आणि त्या कागदावरून नंतर वाद झाला. थाळनेरला तोंडी भाषेने घात केला होता. येथे लेखी भाषेने माणसे वाचवली. अमळनेरच्या किल्ल्यातील अरबही त्याच वर्षअखेर फौज येईपर्यंत अडून राहिले.

या अरबांना कंपनीने मायदेशी परत पाठवण्याचे धोरण धरले. कागदावर ते सोपे दिसते. पण खानदेशात जन्मलेल्या, येथेच लग्न केलेल्या, गावोगावी येणी अडकलेल्या माणसाला सुरतेहून अरबस्तानच्या जहाजात बसवणे म्हणजे परत पाठवणे म्हणायचे की हद्दपार करणे? होळकर, पेशवे आणि राजेबहाद्दर यांच्यासाठी दोन पिढ्या लढलेली ही माणसे तहाच्या शाईने परकी झाली. त्यांनी येथल्या रयतेला नाडलेही होते, हे विसरता कामा नये. खानदेशातल्या कुणब्याने अरब जमादार गेल्याचे दुःख केले असेल, असे वाटत नाही.

सर्वांत लांबलेली झळ मात्र भिल्लांना लागली आणि त्यांच्याकडून इतरांना. सातपुडा आणि सातमाळ्यातील घाट राखण्याच्या मोबदल्यात नाईकांना गावांकडून ठरलेले हक्क मिळत. ही व्यवस्था आधीच्या धामधुमीत मोडकळीला आली होती. तहाने मालक बदलला; जुना मालक काय देणे लागत होता, हे नव्या मालकाला ठाऊक नव्हते. खानदेशाचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यात ठाणे केले, पेठ वसवली, व्यापाऱ्यांना बोलावले. नाईकांचे भत्ते सुरू करण्याचाही त्याने प्रयत्न केला. तरी डोंगरांत चकमकी आणि धरपकड वर्षानुवर्षे चालू राहिली. फौज पाठवून प्रश्न सुटत नाही हे उमगायला कंपनीला सात वर्षे लागली. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. ज्यांच्यामागे पलटणी धावत होत्या, त्यांच्यातूनच शिपाई भरती झाले. आज जळगाव जिल्ह्यातले धरणगाव कापसाच्या बाजारासाठी परिचित आहे. एकेकाळी ते या छावणीचे गाव होते.

इतिहासाची पाठ्यपुस्तके १८१८ ला मराठी सत्तेच्या अखेरीचे वर्ष म्हणतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. खानदेशात ते वर्ष त्या जागी नीट बसत नाही. मंदसोरच्या तहात यार्डांनी मोजून दिलेला तो सेंधव्याचा किल्ला आणि त्याखालचा घाट पुढे कंपनीच्या वतीने राखण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत खाज्या नाईक हा भिल्ल नाईक होता. १८५७ च्या अखेरीस त्याने त्याच घाटातून जाणारा सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला त्याच्या लोकांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. सरकारी कागदांत त्यांच्यासाठी वापरलेला शब्द तोच होता: बंडखोर.